घराण्यात नव्हे, कोपरात

ज्यांच्या करंगळीला कधी मुंग्या आल्या आणि हात झटकल्यावर गेल्या, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. 'घाबरू नका' असं मात्र मी लिहिणार नाही. मला ते ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ती सगळी माणसं सांगताना दोन हात लांब उभी होती.

मी सातवी पास आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेवढंच मला कोपरातलं कळतं. बाकी जे लिहिते ते अंगावरून गेलेलं आहे, आणि त्यातलं काही अजून पुरतं गेलेलं नाही.

भाकरी फाटायला लागली

माझं सासर लोधिवली. घरात सासूबाई, हे, मी आणि आमची लेक नंदा. हे हायवेवरच्या एका गॅरेजात टायरचं काम करायचे. सासूबाई तोंडाने तिखट, पण कामाला आणि मायेला कमी नव्हत्या. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयी बरंच वाईट लिहायचं आहे.

नंदाला उजव्या कडेवर घेतलं की माझ्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. कोपर वाकवून झोपले की सकाळी दोन्ही बोटं बधिर. लेकुरवाळ्या बाईला हे व्हायचंच, असं मी धरून चालले. मग भाकऱ्या फाटायला लागल्या. तांदळाची भाकरी थापताना मधली बोटं तिला मोठी करतात, पण कड राखते ती करंगळीकडची बाजू. माझी करंगळी बाहेरच्या बाहेर राहायची, आत ओढली जायची नाही. कडेला चीर पडायची ती मध्यापर्यंत जायची.

मी म्हटलं, पीठ जुनं आहे.

"व्हय गं, पीठच जुनं," सासूबाई म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं."

आम्ही दोघी हसलो. त्या घरात आम्ही दोघी मिळून हसल्याची ती आठवण पुढे मला फार दिवस पुरवावी लागली.

हळूहळू ती दोन बोटं आत वळली. हात सरळ केला तरी ती आकड्यासारखी वाकलेलीच. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला. पण सगळ्यात वाईट काय होतं सांगू? झोपेत माझीच करंगळी माझ्या गालाला लागायची आणि मी दचकून उठायचे. गालाला बोट कळायचं, बोटाला गाल कळायचा नाही. कुणी तरी परक्या माणसाने हळूच बोट लावल्यासारखं व्हायचं. शेजारी नंदा असायची, पलीकडे हे. परकं कुणीच नसायचं.

जळका वास

एका सकाळी मी भाकरी उलटत होते आणि सासूबाई दारातून आत आल्या. त्यांनी नाक वर केलं.

"काय जळतंय गं?"

मी तव्यावर पाहिलं, चुलीत पाहिलं. काही जळत नव्हतं. सासूबाईंचे डोळे माझ्या हातावर होते. माझी करंगळी तव्याच्या काठावर टेकलेली होती आणि तिची कातडी पांढरी होऊन सुटली होती. मी भाकरीकडे बघत तशीच बसले होते.

मी हात उचलला. तिखट तोंडाची बाई गप्प झाली की भीती वाटते, ती तेव्हा मला पहिल्यांदा वाटली. त्यांनी नंदाला उचललं आणि ओटीवर नेलं. त्या दिवशीची भाकरी घरात कुणी खाल्ली नाही. गुरांनाही घातली नाही.

आमच्या भागात त्या आजाराचं नाव कुणी घरात घेत नसे. 'ती बिमारी', 'तो मोठा रोग' असं म्हणायचे. बोटं झडलेली माणसं देवळाच्या पायऱ्यांशी बसायची ती सगळ्यांनीच बघितलेली. चटका लागून न कळणं म्हणजे तेच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी फक्त तो शब्द मनात येऊ देत नव्हते.

एक शब्द

आठवड्यातून एकदा एक डॉक्टर आमच्या बाजूला यायचे. सासूबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. हे बाहेर उभे राहिले.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली. मधल्या बोटाला कळली, करंगळीला नाही. मग त्यांनी माझं कोपर हातात घेतलं. कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा एक टणक उंचवटा असतो, त्याच्या मागे खाच असते. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते ना, ती त्या खाचेतल्या नशीमुळे. डॉक्टरांनी त्या खाचेत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नस जाड लागतेय," ते म्हणाले. "घरात कुणाला असं काही होतं?"

आता इथे मला थोडं मागे जायला हवं. माझा उजवा हात सरळ सोडला की कोपरापासून बाहेर जायचा, अंगापासून लांब. बघायला आले तेव्हा मी हातात पोह्यांचं ताट धरून उभी होते, कोपरं वाकलेली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी आईला विचारलंच, की हिचा हात असा कसा. आई चटकन म्हणाली, "आमच्या घरान्यातच हाय ते. माज्या आयचा बी असाच व्हता." मलाही लहानपणापासून तेच सांगितलेलं. तू आजीवर गेलीस. आजी कोंडाण्याची, मी लहान असतानाच वारलेली. कुणी आजीसारखी म्हटलं की मला बरं वाटायचं. वाकड्या हाताचा मी थोडा अभिमानच बाळगला होता म्हणा ना.

तर डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का. सासूबाईंनी काही लपवलं नाही, जे ऐकलं होतं तेच सांगितलं.

"आमच्यात कुनाला नाय, डाक्टर. हिच्या आयच्या घरान्यात हाय. हिच्या आजीला बी व्हतं."

डॉक्टरांचा हात थांबला. "घराण्यातच आहे?"

"हिची आयच बोललीय."

त्यांनी मग फार काही तपासलं नाही. पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्या बंद करायच्या नाहीत म्हणाले. कुष्ठरोग हा शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारला. हा आजार असा लगेच पसरत नाही, औषधाने आटोक्यात येतो, घरातच राहू दे हिला, हेही सांगितलं. त्यांचं हे बोलणं मला आठवतं, कारण मी ते घट्ट धरून ठेवलं होतं. सासूबाईंनी पहिला शब्द ऐकला आणि त्यापुढचं त्यांना ऐकूच गेलं नाही.

परत येताना हे माझ्या पुढे चालत होते. नेहमी मागे-पुढे चालायचोच आम्ही, तो रिवाजच होता. पण त्या दिवशीचं अंतर निराळं होतं.

ठेवलं हं, आई

मला जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, दोन पेले आणि एक ताटली वेगळी काढून दिली. गोठ्याच्या बाजूची पडवी दिली. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शेजारणी पूर्वी पाटावर बसून तासभर गप्पा छाटायच्या, त्या आता अंगणातूनच कोपरापासून नमस्कार करून जायला लागल्या. माझ्या बाबतीत ही म्हण फारच अंगाला लागून बसली, असं मला त्याही दिवसांत वाटलं आणि मी एकटीच हसले. हसले हे खरं आहे. माणूस कशावरही हसतो.

नंदाला माझ्याजवळ येऊ देत नव्हते. ती तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. तिला रडवून, दटावून काही उपयोग झाला नाही, तेव्हा सासूबाईंनी युक्ती केली. तिला खेळ शिकवला. आईला पाणी द्यायचं, पण कसं, तर तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा, "ठेवलं हं, आई" म्हणायचं आणि पळत मागे यायचं. मी तांब्या उचलायच्या आत ती मागे पोचली तर ती जिंकली.

ती दर वेळी जिंकायची. टाळ्या वाजवायची. मी तांब्या उचलायला मुद्दाम उशीर करायचे.

भात कापणीच्या सुमाराला ह्यांनी मला पळसदरीला आईकडे आणून सोडलं. "बरी झालीस की घेऊन जाईन," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. पण नंदा लोधिवलीत राहिली.

आई भीत नव्हती

पळसदरीला आई आणि माझा धाकटा भाऊ बाळू, एवढीच माणसं. वडील आधीच गेलेले. बाळू खोपोलीला कारखान्यात जायचा. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. धरणावर धुणं घेऊन गेले की बायका आपली धुणी उचलून वरच्या अंगाला जायच्या.

आई मात्र भीत नव्हती. पहिल्या दिवशी मी माझ्या दोन पेल्यांतला बरोबर आणलेला एक पिशवीतून काढला, तो तिने हातातून घेऊन चुलीमागे फेकला. माझ्याच ताटात जेवायला बसली. माझी वेणी घालायची. संध्याकाळी खोबरेल कोमट करून माझ्या हाताला चोळायची.

"आय, लागंल तुला."

"काय लागनार नाय. तुला तो रोगच नाय."

"तुला काय माहीत?"

"मला म्हाईत हाय."

आईची माया, असं मी समजले. तेल लावताना मनगटापासून वर यायची, पण कोपराशी आली की तिचा हात उडी मारून दंडावर जायचा. कोपराला ती हात लावत नसे. दुखेल म्हणून लावत नाही, असं मला वाटायचं. त्या जागी मला तेव्हा काही दुखत नव्हतं.

ते महिने मी कसे काढले ते सविस्तर लिहीत नाही. बाळूचा दाढीचा आरसा घेऊन मी कानाच्या पाळ्या जाड झाल्या का बघायचे. भुवयांचे केस मोजायचे. पाठीवर चट्टा आला का, हे आईला पुन्हा पुन्हा विचारायचे. करंगळी समोर धरून तिला नंदाचं नाव सांगायचे, का ते विचारू नका. रेल्वेची शिटी झाली की वाटायचं, हे नंदाला घेऊन आले असतील. ते यायचे अधूनमधून, पण एकटेच. नंदाबद्दल विचारलं की म्हणायचे, "बरी हाय. आता विचारत नाय जास्त." त्यांना वाटायचं, हे ऐकून मला बरं वाटेल.

फोटो

गोळ्यांनी काहीच फरक पडेना, बोटं आणखीच आत जायला लागली. तेव्हा बाळूने कारखान्यातून रजा काढली आणि आम्हा दोघींना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी माझ्या कातडीची तपासणी केली, कानाच्या पाळीतून नमुना घेतला. कुठे चट्टा नाही, नमुन्यात काही नाही. मग त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं आणि दोन्ही हात खाली सोडायला सांगितलं. उजवा हात बाहेर गेला. ते बघतच राहिले.

"हा हात लहानपणी कधी मोडला होता?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घराण्यातच आहे."

ते हसले आणि मला क्ष-किरणाच्या खोलीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काळा फोटो उजेडासमोर धरला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला सुपारीच्या खांडाएवढा हाडाचा तुकडा सुटा पडलेला दिसत होता.

"बाई, हे घराण्यात नाही, कोपरात आहे," ते म्हणाले. "अगदी लहानपणी मोडलेलं हाड आहे हे. जुळलंच नाही. तुम्ही वाढलात तसा हात बाहेर वळत गेला आणि आतल्या बाजूची नस ताणत गेली. इतकी वर्षं ती त्या हाडावरून घासते आहे."

विहिरीच्या रहाटाचं चाक वाकडं बसलं की दोर एका कडेला घासून घासून सुटायला येतो, तसं काहीसं माझ्या डोळ्यांपुढे आलं. डॉक्टर पुढे म्हणाले, की घासलेली नस सुजून जाड होते, म्हणून आधीच्या डॉक्टरांच्या बोटाला जाड लागलं ते बरोबरच होतं. अशी नस त्या आजारातही होते. लहानपणचा मार सांगितला असता तर चूक झाली नसती.

मग ते आईकडे वळले. "कधी पडली होती ही, आजी?"

आई भिंतीला टेकून उभी होती. "नाय," ती म्हणाली. "कदीच पडली नाय."

"आठवून बघा."

"नाय म्हनते ना! माज्या पोरीला मला म्हाईत नाय?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मला काहीच कळेना. मला तो रोग नाही, एवढंच मी ऐकलं होतं. आई घाबरली असेल, इस्पितळाला बुजली असेल, असं मला वाटलं.

बाळू लोधिवलीला जाऊन डॉक्टरांचं आणि आईचं, सगळं सांगून आला. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"सासूबाई काय म्हनाल्या?"

"म्हनाल्या, मुंबईचा डाक्टर काय बी बोलंल. आयच म्हनते पोर पडली नाय, मंग हाड कुटून मोडलं? आयला जास्त म्हाईत का फोटोला?"

सासूबाईंचं काय चुकलं? मलाही तोच प्रश्न पडला होता.

वॉर्ड

नस त्या खाचेतून काढून कोपराच्या पुढच्या अंगाला आणायची, म्हणजे ती ताणणार नाही, असं ऑपरेशन होतं. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण राहिलेलं वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. खरं तर मला वाटत होतं, बोटं बरी होवोत न होवोत, मला घरात कोण घेणार आहे?

इस्पितळाची एक शिस्त असते, ती अंगवळणी पडली की बरी वाटते. पहाटे फिनेलचा वास, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर पंख्याकडे बघणं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा हात प्लॅस्टरमधे होता आणि करंगळीत आग होत होती. नुसती आग. सिस्टर म्हणाली, दुखतंय का, गोळी देऊ? मी म्हटलं, नको, दुखू दे. इतके महिने तिथे काहीच नव्हतं.

शेजारच्या खाटेवर वाड्याकडची एक बाई होती, पाय मोडलेली. तिची बहीण तान्ह्या पोराला घेऊन भेटायला यायची. एका दुपारी ती बहीण घाईघाईने आली, पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "धर गं जरा, नळाला जाऊन येते." विचारलं नाही, बघितलं नाही. टाकलं आणि गेली.

पोराने माझं बोट धरलं, डावं. मग प्लॅस्टरमधून बाहेर आलेली उजवी करंगळी धरली आणि तोंडात घातली.

मी रडायला लागले ते मला थांबवता येईना. हुंदके देऊन, आवाज करून. वॉर्डातल्या बायका बघायला लागल्या. ती बहीण नळावरून धावत आली. "काय झालं, चावलं का?" मी मान हलवली आणि पोर तिच्याकडे दिलं. आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

भेटायची वेळ संपत आली, माणसं पांगली. आई उठून माझ्याजवळ आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"सुमे, तू पडली नव्हतीस."

"अगं, पण फोटोत..."

"तू पडली नव्हतीस. मी ढकललं तुला."

ती जमिनीकडे बघून बोलत होती.

"कोंडान्याला गेले व्हते, माहेरी. बाळू अंगावर, तापानं फनफनलेला. मी वट्यावर उबी व्हते त्याला घेऊन. तू सारकी पदराला धरून वडत व्हतीस, आय चल, आय चल. मी हिसडा दिला. खाली दगडावर पडलीस, हातावर. आयनं हाडवैद्याला बोलावलं, त्यानं कामट्या बांधल्या. हात सरळ झाला गं. येकदम सरळ. मी म्हटलं, देवानं झाकलं. तुज्या बापाला बी बोलले नाय. मंग तू वाडायला लागलीस, तसा हात बाहेर जायाला लागला. दर साली थोडा थोडा. मी बगत व्हते."

"आणि आजीचा हात?"

"आजीचा हात सरळच व्हता."

मला राग आला. आईची दया आली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण दया नंतर आली, फार नंतर. तेव्हा फक्त राग आला. मी तीन वर्षांची असताना तिने ढकललं त्याचा नव्हे. वैतागलेली बाई हिसडा देते, मीही नंदाला दिला आहे. राग ह्याचा की तिला सगळं ठाऊक होतं. मी कानाच्या पाळ्या चाचपत बसायचे तेव्हा ठाऊक होतं. लोधिवलीत माझी पोर मला विसरत होती, तेव्हा ठाऊक होतं. ती माझ्या ताटात जेवत होती ती मायेने नव्हे, तिला भ्यायचं कारणच नव्हतं.

"ऊठ इथून," मी म्हटलं.

ती उठली. "सांगून येते," म्हणाली. कुणाला ते मी विचारलं नाही.

लोधिवलीच्या अंगणात

पुढचं मला ह्यांनी सांगितलं. आई एकटी गेली, उन्हातान्हात. सासूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी ओटीवर बोलावलं, पण आई वर चढली नाही. शेजारपाजारच्या बायकांना हाका मारून तिने बोलावून घेतलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली:

"ईनबाय, माज्या पोरीला रोग नाय. तिचा हात मी मोडला. आमच्या घरान्यात कुनाचाच हात वाकडा नाय. मीच वाकडं बोलले."

सासूबाई मिरच्यांजवळ खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं, "ईनबाय, मंग इतके म्हयने तुमी काय बगत व्हता?"

पाण्याचा तांब्या दिला तो आईने घेतला नाही आणि आली तशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई इस्पितळात आल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. मी घरी गेले तेव्हा बघितलं, माझा तिथे राहिलेला दुसरा जर्मनचा पेला त्यांनी स्वतःच्या चहाला घेतला होता. त्यातूनच त्या शेवटपर्यंत चहा प्यायल्या. मी एकदा म्हटलं, टाका तो. "का? चांगला हाय," म्हणाल्या.

जे राहिलं

शेजारच्या बोटात बरीच जाण आली. करंगळीत अर्धी आली. त्याआधी मुंग्या कोपरापासून मनगटापर्यंत, मग तळहातापर्यंत उतरत गेल्या, ते चांगलं लक्षण असतं असं डॉक्टर म्हणाले. खळगा भरला नाही. भाकरी जमते, कडेला चीर पडते ती मी बोटाने लिंपून घेते.

तुमची करंगळी बधिर असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. कोपर टेकून बसू नका. झोपताना कोपराला जुनं धोतर सैलसर गुंडाळा, म्हणजे ते वाकत नाही. बधिर बोट डोळ्यांनी सांभाळा, चुलीजवळ तर फार. आणि डॉक्टरांना लहानपणचं सगळं सांगा. तुम्हाला आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. चारचौघांत नका विचारू, एकटीला गाठून विचारा.

मला तो आजार नव्हता. ज्यांना असतो त्यांना औषध मिळतं, पण पडवीही मिळते, हे मी बघून आले आहे. म्हणून मी सुटले ह्याचा निखळ आनंद मला कधी झाला नाही. अजून मी सकाळी उठल्यावर डाव्या, चांगल्या हाताच्या करंगळीलाच पिन टोचून बघते. कळली की मग चूल पेटवते.

नंदाला माझ्याजवळ यायला वेळ लागला. रागावून आणायची गोष्ट नव्हती ती. आधी ती पदर धरायची, मग हात. पण मला काही आणून द्यायचं झालं की ती अजून खाली ठेवते आणि मागे सरते. 'ठेवलं हं' म्हणत नाही आता. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. ठेवण्यावर तिचं लक्षही नसतं, पण माझं असतं.

आईशी मी बरेच दिवस बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात मीच नंदाला घेऊन पळसदरीला गेले. वाटेत ठरवलं होतं की काही उकरून काढायचं नाही. आई दारात उभी होती, वाळलेली, केस पुरते पांढरे. नंदा माझा हात सोडून "आजी" करत तिच्याकडे धावली आणि वर घे म्हणून दोन्ही हात पसरून उभी राहिली.

आईने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू घे गं तिला, सुमे," ती म्हणाली. "तुज्या हातात काय खोट नाय."